पुण्यातील हवामानशास्त्र विभाग: अलीकडच्या घडामोडी आणि फेब्रुवारी ते जूनमधील कार्यक्रम

वातकुक्कुट (धागाकर्ता)

पुण्यात हवामानाचा अभ्यास करणाऱ्या चार संस्था एकमेकींपासून काही किलोमीटरांच्या आत आहेत. शिवाजीनगरला भारतीय हवामानशास्त्र विभागाचे कार्यालय आहे आणि त्याच परिसरात कृषी महाविद्यालयाचा कृषी हवामानशास्त्र विभाग आहे. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग आहे आणि पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम. या संस्थांमध्ये वर्षभर व्याख्याने, कार्यशाळा आणि प्रदर्शने होत असतात, परंतु त्यांची सूचना बहुधा संस्थेच्या फलकापुरती किंवा संकेतस्थळापुरतीच राहते आणि बाहेरच्या माणसाला ती कार्यक्रम होऊन गेल्यावर कळते. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना एखाद्या कार्यक्रमाची खात्रीशीर माहिती मिळेल त्यांनी ती येथे नोंदवावी, आणि जे जाऊन येतील त्यांनी काय पाहिले ते सविस्तर लिहावे.

आधी घडामोडी. सप्टेंबर २०२४ मध्ये आयआयटीएममध्ये ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे (पेटाफ्लॉप्स हे सेकंदाला होणाऱ्या आकडेमोडींचे माप). नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रातील ‘अरुणिका’ हा त्याचा जोडीदार ८.२४ पेटाफ्लॉप्सचा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रत्यूष’नंतरची ही पुढची पायरी. या संगणकाच्या बळावर आयआयटीएमने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान अंदाजाची संगणकीय प्रणाली २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली. पूर्वीचे जागतिक प्रारूप पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटींत विभागून गणित करत असे, तर नवे प्रारूप उष्णकटिबंधात ६ किलोमीटरच्या चौकटी वापरते.

आपल्याकडे या आकड्याचे महत्त्व फार मोठे आहे. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा काही किलोमीटरांच्या आत हजार मीटरांनी खाली उतरतो आणि पाऊसही त्याच झपाट्याने बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि हवाई अंतराने शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या पुण्यात तो सातशे-साडेसातशे मिलिमीटरांच्या आसपास राहतो. १२ किलोमीटरच्या चौकटीत घाटमाथा आणि पर्जन्यछायेचा प्रदेश यांच्यामध्ये जेमतेम तीन-चार चौकटी बसत, त्यामुळे गणितातला डोंगर प्रत्यक्षातल्या डोंगरापेक्षा बुटका आणि पसरट होत असे. चौकट निम्मी झाल्याने हा दोष कमी होतो, पूर्णपणे जात नाही. एकेकटा गडगडाटी ढग सहा किलोमीटरच्या चौकटीपेक्षाही लहान असल्याने गणितात पकडता येत नाही, त्याचा परिणाम सूत्रांनी अंदाजे धरावा लागतो. शिवाय चौकट जितकी लहान, तितकी सुरुवातीची निरीक्षणे दाट लागतात. नव्या संगणकाच्या बातम्यांमध्ये ही बाजू क्वचितच येते, आणि माझ्या मते संस्थेत गेल्यावर विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे.

आता येणारे दिवस. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास पुण्यातील अनेक संशोधन संस्था नागरिकांसाठी दारे खुली करतात. २३ मार्च हा जागतिक हवामान दिन असून १९५० मध्ये त्याच दिवशी जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. त्या निमित्ताने शिवाजीनगरच्या कार्यालयात प्रदर्शन आणि वेधशाळेची उपकरणे पाहता येतात. एप्रिलच्या मध्यावर मोसमी पावसाचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज येतो आणि मेअखेरीस सुधारित अंदाज येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात पावसाविषयीची जाहीर व्याख्याने सर्वाधिक होतात. वेळापत्रक दरवर्षी थोडे बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी संस्थेकडून वेळेची खात्री करून घ्यावी.

शिवाजीनगरला जाणार असाल तर इमारतीकडेही लक्ष द्या. हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. मुख्यालय गेले तरी सिमला ऑफिस हे नाव पुणेकरांच्या तोंडी कायम राहिले आहे. हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी १९४८ मध्ये याच विभागात, पुण्यात रुजू झाल्या. परदेशातून आयात होणारी हवामानाची उपकरणे येथेच तयार व्हावीत म्हणून त्यांनी आराखडे प्रमाणित करून घेतले, आणि देशभर एकाच पद्धतीने मोजमाप होण्यामागे त्या कामाचा मोठा वाटा आहे.

शाळेचा फळा

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी भोर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या भूगोलात हवामानाची उपकरणे चित्रांतून शिकवावी लागतात, आणि विद्यार्थ्यांनी ती एकदा तरी प्रत्यक्ष पाहावीत अशी माझी फार इच्छा आहे. २८ फेब्रुवारी आणि २३ मार्च यांपैकी शाळेच्या सहलीसाठी कोणता दिवस अधिक सोयीचा ठरेल? तेथे नेमके काय दाखवावे याचे मार्गदर्शन मिळाले, तर मुलांची पूर्वतयारी करून घेता येईल.

वातकुक्कुट

फळा सर, विज्ञान दिनाला गर्दी फार असते आणि प्रत्येक दालनासमोर मुलांना दोन-तीन मिनिटांहून अधिक उभे राहता येत नाही. मार्चमध्ये परीक्षा जवळ येतात हे खरे, तरीही उपकरणे निवांत पाहायची असतील तर हवामान दिन बरा. शाळेच्या पत्रावर आधी परवानगी मागितल्यास इतर दिवशीही भेट ठरवता येते का, हे विचारून पाहावे.

दाखवण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे निरीक्षणाचे मोकळे आवार. पांढऱ्या रंगाची, झडपांच्या दुहेरी भिंती असलेली स्टीव्हन्सन पेटी चार पायांवर उभी असते आणि तिच्यात चार तापमापक असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. आपण उत्तर गोलार्धात असल्यामुळे पेटीचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचन घेताना ऊन थेट तापमापकावर पडत नाही. दार कोणत्या बाजूला आहे आणि तसे का आहे, हे मुलांना आधी न सांगता तेथेच विचारावे. ओल्या आणि कोरड्या तापमापकांतील फरकावरून हवेतील आर्द्रता काढतात. ओल्या कापडातून बाष्पीभवन होत असताना तापमान का उतरते, हे एकदा समजले की माठाचे पाणी गार का होते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट पर्जन्यमापक. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. रविवारी संध्याकाळी पडलेला पाऊस सोमवारच्या नोंदीत जातो तो यामुळे. वर्तमानपत्रातील आकडा आणि आपण अनुभवलेला पाऊस यांचा मेळ बसत नाही, तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते.

तिसरी गोष्ट हवामान फुगा. हायड्रोजन भरलेला फुगा रेडिओसोंड नावाचे छोटे उपकरण घेऊन वर जातो, सुमारे तीस किलोमीटरपर्यंत पोहोचून फुटतो आणि वाटेत हवेचा दाब, तापमान व आर्द्रता खाली कळवत राहतो. त्याच्या सरकण्यावरून वारा समजतो. जगभर हे फुगे एकाच वेळी सोडायचा प्रघात आहे. भारतीय वेळेनुसार ती वेळ पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाचची आहे, प्रत्यक्ष फुगा त्याच्या थोडा आधी सुटतो. पृथ्वीच्या एवढ्या मोठ्या भागाचे एकाच क्षणीचे चित्र मिळाल्याशिवाय महासंगणकाला गणिताची सुरुवातच करता येत नाही, हा दुवा मुलांना जरूर सांगावा.

मांजराकाठ

माझी शेती मांजरा नदीच्या खोऱ्यात आहे आणि मुख्य पीक सोयाबीन. पुण्यातील कार्यक्रमांची माहिती वाचून आनंद वाटला, तरी एक गोष्ट तळमळीने मांडतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये देशात सरासरीच्या १०५ टक्के पावसाचा अंदाज आला, मेअखेरीस तो १०६ टक्के झाला आणि हंगाम १०८ टक्क्यांवर संपला. अंदाज खरा ठरला असे सर्वांनी म्हटले आणि ते खोटे नाही. पण मे महिन्यात लवकर आलेला पाऊस पाहून आमच्या भागात अनेकांनी पेरणीची घाई केली, त्यानंतर पावसाने ओढ दिली, आणि सप्टेंबरच्या शेवटी काढणीला आलेले पीक पुरात गेले. मराठवाडा आणि सोलापूर भागात त्या दिवसांत काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. देशाच्या सरासरीचा एक आकडा आमच्या बांधावर कसा वाचायचा, हे शिकवणारा कार्यक्रम कोणत्या विभागात होतो? आणि तो पुण्यातच का, लातूर-परभणीला का नाही?

बाष्प

मांजराकाठ यांनी या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे. मी अनेक वर्षे हवामानाच्या नोंदींवर काम केले आहे, त्या आधारे उत्तर देतो. उत्तर लांबेल, क्षमस्व.

एप्रिलचा अंदाज हा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या, संपूर्ण देशाच्या एकूण पावसाचा असतो. १९७१ ते २०२० या काळातील सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि टक्केवारी तिच्याशी तोलून सांगितलेली असते. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण, १०५ ते ११० म्हणजे सर्वसाधारणपेक्षा अधिक, ९० च्या खाली म्हणजे अपुरा. एप्रिलच्या आकड्याला ५ टक्क्यांची आणि मेच्या आकड्याला ४ टक्क्यांची चूकमर्यादा जोडलेली असते, तीही सोबत वाचली पाहिजे. हा आकडा धान्यसाठा, वीज, धरणे यांचे देशपातळीवरील नियोजन करणाऱ्यासाठी आहे. कोणत्या आठवड्यात कोणत्या तालुक्यात पाऊस पडेल, हे सांगण्याचा त्याचा दावाच नाही. म्हणून १०८ टक्क्यांच्या हंगामात पावसाचा खंडही पडू शकतो आणि पूरही येऊ शकतो.

आता आगमनाविषयी. केरळात मोसमी पाऊस दाखल झाल्याची घोषणा नुसते ढग पाहून होत नाही. १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडावा लागतो. त्यासोबत पश्चिमेकडील वाऱ्यांचा थर ६०० हेक्टोपास्कल दाबाच्या उंचीपर्यंत (सुमारे सव्वाचार किलोमीटर) पोहोचलेला असावा लागतो, खालच्या थरात त्यांचा वेग १५ ते २० नॉट (ताशी सुमारे २८ ते ३७ किलोमीटर) असावा लागतो, आणि उपग्रहाने मोजलेले बाहेर जाणारे दीर्घलहरी प्रारण (पृथ्वीकडून अवकाशात जाणारी उष्णता) प्रति चौरस मीटर २०० वॉटच्या खाली असावे लागते, म्हणजेच उंच ढगांचे दाट आच्छादन असावे लागते. सर्वसाधारण तारीख १ जून आहे. २०२५ मध्ये या अटी २४ मे रोजीच पूर्ण झाल्या आणि २६ मे रोजी पाऊस मुंबईत व पुण्यात पोहोचला. मुंबईच्या उपलब्ध नोंदींतील हे सर्वांत लवकरचे आगमन ठरले. कुलाब्याला त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा उच्चांक मागे पडला.

मात्र आगमन म्हणजे सलग पावसाची हमी नव्हे. मेच्या अखेरीपासून प्रवाह मंदावला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढची वाटचाल जवळपास थांबली. पेरणीचा निर्णय आगमनाच्या बातमीवर कधीही घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वापसा आल्यावरच पेरणी करण्याचा सल्ला देतात. तो सल्ला दुबार पेरणीच्या अनुभवातून आलेला आहे.

शेतकऱ्याने कोणते अंदाज पाहावेत? माझ्या मते दोन. पहिला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका, जी आपल्या भागासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून मराठीत मिळते. दुसरा, दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज. त्यातील पहिले दोन आठवडे पावसाचा खंड ओळखण्यासाठी उपयोगी पडतात, पुढचे दोन केवळ कल सांगतात. पत्रिकेतील शब्दही मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत आणि त्यापुढे जवळजवळ सर्वत्र. तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाचा इशारा असताना आपल्या गावी थेंबही पडला नाही, तरी अंदाज चुकला असे होत नाही.

कार्यक्रम लातूर-परभणीला का नाही, या प्रश्नावर मी तुमच्या बाजूचा आहे. कृषी हवामानशास्त्राचा आपल्या देशातील पाया पुण्यातच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांनी घातला, आणि पिकाच्या उंचीवरची हवा जमिनीपासून काही मीटर वरच्या हवेहून कशी वेगळी असते, हे त्यांनी शेतात उभे राहून मोजले. ज्या शास्त्राची सुरुवात शेतात झाली त्याचे कार्यक्रम सभागृहात अडकू नयेत. परभणी, राहुरी, अकोला आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत हवामान सल्ल्याचे काम चालते. खरिपापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात अंदाज कसा वाचावा यासाठी एक तास राखून ठेवावा, अशी लेखी मागणी शेतकरी गटांनी करावी.

मांजराकाठ

बाष्प साहेब, सविस्तर उत्तराबद्दल ऋणी आहे. आमच्या गटाची बैठक या महिन्यातच आहे, तेथे परभणीला द्यावयाच्या पत्राचा विषय घेतो. गुरुवारच्या चार आठवड्यांच्या अंदाजाची माहिती आमच्यापैकी बहुतेकांना नाही.

कुलाबा ते सांताक्रूझ

मुंबईकरांच्या वतीने एक भर. २६ जुलै २००५ च्या पावसात, २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. एका शहरासाठी एक आकडा देण्यात अर्थ नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आज कुलाबा आणि वेरावली येथे डॉप्लर रडार आहेत. माझा प्रश्न असा की, रडार असूनही घाटातला जोरदार पाऊस कधीकधी पडद्यावर फिका का दिसतो? याविषयी एखाद्या विभागात व्याख्यान असेल तर मी मुंबईहून येईन.

वातकुक्कुट

व्याख्यानाची तारीख कळली की येथे देईन, तोवर थोडक्यात सांगतो. रडारची लहर सरळ जाते आणि पृथ्वी वळत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली लहर शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर आणि दोनशे किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटर उंचीवर असते. घाटातला मोसमी पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो. त्या ढगांचे माथे गोठणबिंदूच्या पातळीच्या खालीच राहतात, त्यामुळे दूरच्या रडारची लहर त्यांच्या डोक्यावरून निघून जाते. त्यात मध्ये डोंगर आला तर लहर अडते. याच कारणासाठी आयआयटीएमने साताऱ्याजवळ मांढरदेवच्या डोंगरावर संशोधनासाठी रडार बसवले, आणि २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरील ढगांची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात तेथे ढगच जमिनीवर उतरतो, त्यामुळे विमान न उडवता ढगातील थेंब मोजता येतात. ढगांचे शास्त्र शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा सह्याद्रीत सापडणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

इशाऱ्यांविषयीही एक नोंद करून ठेवतो, कारण पावसाळ्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. पिवळा रंग लक्ष ठेवण्यासाठी, नारिंगी तयारीसाठी आणि लाल प्रत्यक्ष कृतीसाठी. रंग ठरवताना पावसाच्या आकड्यासोबत त्याची शक्यता आणि होणारा परिणामही विचारात घेतात.

पर्जन्यछाया

सोलापूरच्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगावर कोणी बोलणार आहे का? आमच्या जिल्ह्यात या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते की त्यातून दुष्काळ संपेल, आणि काही म्हणतात की सगळा पैसा वाया गेला.

बाष्प

दोन्ही मते निष्कर्षांशी जुळत नाहीत. आयआयटीएमने २००९ पासून ढग आणि धूलिकणांवर विमानांनी निरीक्षणांची मोहीम चालवली आणि तिच्या चौथ्या टप्प्यात, २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत, सोलापूर भागातील २७६ ढगांचा अभ्यास केला. काही ढगांत बीजारोपण केले, म्हणजे पाऊस वाढावा म्हणून क्षाराचे कण सोडले, आणि काही तुलनेसाठी तसेच सोडले. निवड यादृच्छिक ठेवल्यामुळे या प्रयोगाला वजन आहे. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढला, तर बीजारोपणाच्या जागेच्या वाऱ्याच्या दिशेकडील शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी वाढ सुमारे १८ टक्के आढळली.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. योग्य ढग आधीच आकाशात असेल, त्यात पुरेसे पाणी आणि ऊर्ध्व प्रवाह असेल, तर त्याच्याकडून थोडा अधिक पाऊस मिळू शकतो. निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येत नाही, आणि दुष्काळात नेमके असे ढगच दुर्मीळ असतात. तेव्हा हे पूरक साधन आहे, पाणी व्यवस्थापनाला पर्याय नाही. या विषयावर पुण्यात व्याख्यान ठेवण्यापेक्षा सोलापूरला ठेवावे, असे मी संबंधितांना सुचवेन.

रेडिंगकर

मी इंग्लंडमधील रेडिंग येथे राहतो. येथील विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग १९६५ पासून आहे आणि त्यांनी नागरिकांना सोबत घेऊन केलेल्या एका कामाचा उल्लेख या धाग्यात व्हावा असे वाटते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाल्यावर प्राध्यापक एड हॉकिन्स यांनी ब्रिटनच्या जुन्या हस्तलिखित पर्जन्यनोंदींची सुमारे ६५ हजार पाने लोकांसमोर ठेवली. घरी बसलेल्या सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी ५२ लाखांहून अधिक आकडे संगणकात उतरवले आणि त्यांना लागले अवघे सोळा दिवस. प्रत्येक आकडा अनेकांनी स्वतंत्रपणे वाचला आणि जुळल्यावरच स्वीकारला. त्यातून ब्रिटनच्या पावसाचा इतिहास मागे सरकला, आणि १८५५ हे तेथील सर्वांत कोरडे वर्ष ठरले.

आपल्याकडेही असे काही करता येणार नाही का? कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची आहे. दख्खनमध्ये हिंडून हवेच्या दाबाच्या आणि तापमानाच्या नोंदी घेणाऱ्या विल्यम साइक्स यांचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. इतक्या जुन्या परंपरेच्या प्रदेशात तालुक्याच्या कचेऱ्यांतून पावसाची किती पुस्तके पडून असतील!

बाष्प

रेडिंगकर, सूचना मोलाची आहे. हवामान विभागाचे राष्ट्रीय विदा (डेटा) केंद्र पुण्यातच आहे आणि १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाचा, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींचा विदासंच पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येतो. त्यासाठी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या आहेत. विद्यार्थ्यांनी सुरुवात तेथून करावी. आपल्या तालुक्याची मालिका काढून आजोबांनी सांगितलेल्या दुष्काळी वर्षांशी पडताळून पाहणे, हा पदवीच्या वर्षाचा उत्तम प्रकल्प होईल. त्याहून जुन्या कागदांसाठी मात्र अभिलेखागार आणि विद्यापीठ यांनी एकत्र यायला हवे. मोडी वाचणारी माणसे आपल्याकडे आहेत, त्यांचीही येथे गरज लागेल.

हवेचा_दाब

मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हवामानशास्त्रात पुढे शिकायचे असल्यास काय करावे, आणि या खुल्या दिवसांचा त्यासाठी काही उपयोग होईल का?

वातकुक्कुट

उपयोग निश्चित होईल. प्रदर्शनात फलकापाशी उभे असलेले विद्यार्थी बहुधा संशोधकच असतात आणि प्रवेशाविषयी त्यांच्याइतकी ताजी माहिती कोणाकडे नसते. पुणे विद्यापीठाव्यतिरिक्त कोचीन विद्यापीठ, विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ, दिल्ली आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथेही या विषयाचे विभाग आहेत. नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान ही स्वतंत्र विषयपत्रिका आहे आणि गेट परीक्षेच्या अभियांत्रिकी विज्ञान पत्रिकेत वातावरण व सागरविज्ञानाचा भाग निवडता येतो. तयारी म्हणाल तर द्रायूगतिकी (द्रव व वायूंच्या प्रवाहाचे शास्त्र), अवकल समीकरणे आणि संगणकावर आकडेमोड करण्याची सवय, या तीन गोष्टी आतापासून पक्क्या कराव्यात. ढगांची आवड असणे चांगलेच, पण प्रत्यक्ष अभ्यासात दिवसाचा मोठा भाग समीकरणे आणि विदा यांत जातो, हे आधीच ठाऊक असावे.

शाळेचा फळा

मुख्याध्यापकांशी बोलणे झाले. आम्ही मार्चमधील भेटीसाठी शाळेचे पत्र पाठवत आहोत आणि जूनपूर्वी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवण्याचे ठरले आहे. जागा कशी निवडावी? आणि रविवारी, सणाच्या सुट्टीत नोंद घेणारे कोणी नसेल, तर त्या दिवसांच्या पावसाचे काय करावे?

बाष्प

जागा मोकळी हवी. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच असेल, तिच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवावा. गच्चीवर ठेवू नये, तेथे वाऱ्याच्या झोतामुळे पाऊस कमी मोजला जातो. तोंड समतल असावे आणि ते पाणपातळीने तपासावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलांना मोजून दाखवा. नोंदीची वेळ रोज सकाळी साडेआठ, आणि पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचे. रिकामी जागा सोडली तर पुढे वाचणाऱ्याला त्या दिवशी पाऊस नव्हता की नोंद नव्हती, हे कळत नाही.

सुट्टीसाठी आवाराशेजारी राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची पाळी लावता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तेव्हा सुट्टीनंतर मापकात साठलेले पाणी एकदाच मोजावे आणि वहीत ‘शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ, एकत्रित’ असे स्पष्ट लिहावे. ते पाणी दिवसांत अंदाजाने वाटून लिहू नये.

शाळेचा फळा

समजले. वहीत ‘एकत्रित’ असा वेगळा रकानाच आखून घेतो. मापक बसवल्यावर पहिल्या महिन्याच्या नोंदी येथे देईन. जवळच्या सरकारी केंद्राच्या आकड्यांशी त्या ताडून पाहण्यास मदत करावी, ही विनंती.